आधी काय काढायचं, ते ठरवा

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या पुण्याच्या जुन्या बाजारात घासाघीस करून घेतलेली शिसवी आरामखुर्ची टेम्पोत चढते, नगर रोडला लागते आणि खराडीतल्या एखाद्या टॉवरच्या पार्किंगमध्ये उतरते. इथवर सगळं सोपं असतं. लिफ्टमध्ये ती तिरपी करून घालावी लागते, तरी जाते. खरी अडचण वर पोचल्यावर कळते. दार उघडल्यावर समोर एल आकाराचा सोफा, काचेचा टीपॉय, भिंतभर टीव्ही युनिट आणि पलीकडे चौघांचं डायनिंग टेबल. खुर्ची काही दिवस दारामागे अंग चोरून उभी राहते, मग बाल्कनीत जाते, आणि पावसाळा येईतो तिच्यावर टॉवेल वाळू लागतात. घरातलं कुणी तरी म्हणतं, ‘अशा वस्तू वाड्यातच शोभतात, फ्लॅटमध्ये नाही.’

हे निदान चुकीचं आहे. खराडीच्या फ्लॅटमध्ये आरामखुर्ची मावत नाही याचं कारण खुर्चीत नाही आणि फ्लॅटमध्येही नाही. हॉल म्हणजे काय, याचा जो साचा लोक डोक्यात घेऊन घरात शिरतात, तो त्याला कारण आहे. तो साचा जसाच्या तसा ठेवून त्यात जुनी वस्तू बसवू पाहणारे हमखास फसतात. साचा मोडायची तयारी असेल तर तीच खोली त्याच चौरस फुटांत मोठी वाटू लागते.

हिशेब करून पाहू. दोन बेडरूमच्या घरातला हॉल दहा फूट बाय सोळा फूट, म्हणजे १६० चौरस फूट धरला. तीन जणांचा सोफा सात बाय तीन, २१ चौरस फूट. त्याचे दोन सिंगल सोबती मिळून १८. टीपॉय ८. सहा फुटी टीव्ही युनिट ९. डायनिंग टेबल खुर्च्या मागे ओढून बसण्याच्या जागेसह ४२. बेरीज झाली ९८. उरलेल्या ६२ फुटांतून मुख्य दार, स्वयंपाकघर, बेडरूम आणि बाल्कनी यांच्यातली ये-जा व्हायची असते. त्यासाठी तीन फूट रुंदीची वाट सोळा फूट लांब सोडली की आणखी ४८ गेले. हातात राहतात १४, तेही एका जागी नव्हे, कोपऱ्याकोपऱ्यांत विखुरलेले. आरामखुर्ची साधारण अडीच फूट रुंद असते, आणि पाय पसरून बसायचं तर लांबीला सहा फूट हवेत. म्हणजे १५. हिशेब एका फुटाने चुकतो, आणि या एका फुटापायी खुर्चीची रवानगी बाल्कनीत होते.

आता याच आकड्यांतून दोन सिंगल सोफे वजा करा. त्यांच्याच जागेत खुर्ची बसली आणि वर तीन फूट उरले. टीपॉय काढला, टीव्ही भिंतीवर टांगून खालचं युनिट काढलं, तर आणखी १७ मोकळे. जुनी, अवजड म्हणून हिणवलेली वस्तू घरात आल्यावर खोली आधीपेक्षा रिकामी झाली. कागदावर इतकं सोपं असलेलं हे गणित प्रत्यक्षात कुणी का करत नाही, हा खरा प्रश्न आहे.

त्याचं एक उत्तर अडीचशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसमध्ये सापडतं. फ्रेंच विचारवंत दनी दिदरो याने १७६९ मध्ये आपल्या जुन्या झग्याच्या वियोगावर एक मिश्कील निबंध लिहिला. त्याच्याकडे नवा, उंची, किरमिजी झगा आला आणि त्या झग्यापुढे खोलीतलं बाकी सगळं गबाळं दिसू लागलं. मग गवताने विणलेल्या साध्या खुर्चीच्या जागी चामड्याची खुर्ची आली, पाठोपाठ टेबल बदललं, चित्रं बदलली, आणि जुन्या झग्याचा मालक असलेला माणूस नव्या झग्याचा गुलाम झाला. मानववंशशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्रॅकन याने १९८८ मध्ये या साखळीला ‘दिदरो परिणाम’ असं नाव दिलं. खराडीत हा परिणाम उलट्या दिशेने चालतो, एवढाच फरक. इथे जुनी खुर्ची येते आणि तिला साजेसा पितळी दिवा, तिला साजेसा गालिचा, तिला साजेसं ‘अँटिक फिनिश’चं कॉर्नर टेबल विकत घेतलं जातं. खुर्चीच्या सोबतीला आलेल्या या वऱ्हाडात खुर्चीच दिसेनाशी होते. जुन्या वस्तूने खरेदीची यादी वाढवली तर ती फसलेली खरेदी समजावी.

दुसरं उत्तर टीव्हीत आहे. सोफा, टीपॉय आणि समोर टीव्ही ही रचना आज इतकी स्वाभाविक वाटते की जणू घर बांधतानाच ती पायात घातली जाते. प्रत्यक्षात मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि रंगीत प्रक्षेपण आलं १९८२ च्या आशियाई खेळांच्या वर्षी. त्यानंतर मध्यमवर्गीय मराठी घरातल्या सगळ्या खुर्च्यांनी एकाच भिंतीकडे तोंड केलं. त्याआधी बैठकीच्या खोलीला असं एकच तोंड नव्हतं. माणसं समोरासमोर, दाराकडे, रस्त्याकडे तोंड करून बसत. आज खराडीतल्या घरात संध्याकाळी डोकावलं तर प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पडदा असतो. नवरा बेडरूममध्ये मीटिंगमध्ये, मुलगी टॅबवर, आजी मोबाइलवर मालिकेचा चुकलेला भाग पाहत. हॉलचं तोंड मात्र अजूनही भिंतीवरच्या त्या एका पेटीकडे. आरामखुर्ची या रचनेत बसत नाही ती तिच्या घडणीमुळेच. तिची पाठ इतकी कललेली असते की बसणाऱ्याची नजर टीव्हीच्या वर जाते, खिडकीबाहेर किंवा छताकडे. तिला टीव्हीसमोर ठेवणं म्हणजे तिच्याशी भांडण विकत घेणं. तिला उजेडाकडे वळवलं की बाकीची खोली आपोआप तिच्या मागोमाग वळते.

इथे मराठी घराचा जुना अनुभव कामाला येतो. वाड्यातल्या खोल्या आजच्या हॉलपेक्षा फार मोठ्या होत्या असं नाही. पण त्या रिकाम्या असत. सामान भिंतीत होतं: फडताळं, कोनाडे, खुंट्या. जमिनीवर जे यायचं ते कामापुरतं यायचं आणि काम झालं की उचललं जायचं. जेवायला पाट, पूजेला चौरंग, झोपायला वळकटी, पाहुण्यांना सतरंजी, खाशा पाहुण्यांना गादी आणि लोड. एकच माजघर सकाळी जेवणघर, दुपारी गप्पांची जागा आणि रात्री झोपण्याची खोली व्हायचं. कायम उभ्या असलेल्या वस्तू मोजक्या: एखादा पलंग, एखादा पेटारा, झोपाळा, आणि घरात वकील, मास्तर किंवा पेन्शनर असेल तर आरामखुर्ची. ती खुर्ची दिसायची, कारण तिच्याभोवती काही नसायचं. खराडीत तिची पुनर्स्थापना करायची तर केवळ खुर्ची आणून भागत नाही, तिच्याभोवतीचं ते ‘काही नसणं’ही आणावं लागतं.

यावर लगेच एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. आरामखुर्ची मुळात मराठी कुठे? लांब हातांची, वेताच्या पाठीची ही खुर्ची एकोणिसाव्या शतकात भारतभरच्या बंगल्यांच्या व्हरांड्यांत आणि मळेवाल्यांच्या घरांत रुळली, तिथून ती कलेक्टर कचेरीत आणि मग वाड्याच्या ओसरीवर आली. शिवाय वाडा तरी किती जणांचा? खराडी हे १९९७ पर्यंत पुणे महापालिकेच्या हद्दीबाहेरचं, मुळा-मुठेच्या काठचं शेतकऱ्यांचं गाव होतं. गावठाणातल्या जुन्या घरांत आरामखुर्ची नव्हती. तिथे होती सुंभाने विणलेली बाज, धान्याची कणगी आणि लग्नात आलेली पत्र्याची ट्रंक. आज ईऑन आयटी पार्कमध्ये नोकरी करणारा, लातूरहून किंवा जळगावहून आलेला तरुण वाड्याची आठवण म्हणून जे विकत घेतो ते बहुधा दुसऱ्याच कुणाच्या तरी घराची आठवण असते.

मान्य. पण त्यामुळे मूळ मुद्दा कमकुवत होत नाही, उलट बळकट होतो. मध्यभागी ठेवायची वस्तू शिसवीच असली पाहिजे असा नियम नाही. आजीची ट्रंक हॉलमध्ये आली तर ती टीपॉयची जागा घेते आणि वर हिवाळ्याची पांघरुणंही पोटात ठेवते. बाज आली तर दिवसा तीन जणांचा सोफा आणि रात्री पाहुण्याचा पलंग, शिवाय गच्चीवर उचलून नेता येईल इतकी हलकी. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटं बनवायला सुरुवात केली. पुढे ते कपाट पिढ्यान्‌पिढ्या मराठी लग्नांच्या रुखवताशेजारी उभं राहिलं. त्यातलं चाळीस-पन्नास वर्षांचं, जड बिजागऱ्यांचं एखादं कपाट नीट रंगवून हॉलच्या भिंतीला लावलं तर तेही खोलीचा कणा होऊ शकतं. प्रतिष्ठेची वस्तू आणि वापराची वस्तू यांतून निवडायची वेळ आली तर लहान घराने दुसरी निवडावी.

वाड्यातल्या वस्तू बाजारात येतात कशा, हेही घेणाऱ्याला ठाऊक असावं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. दहा-वीस रुपये भाड्यात कौलं शाकारणंही मालकाला परवडेना. वाडे खचत गेले, बिल्डरांकडे गेले, आणि पाडापाडीत निघालेले खांब, दारं, झोपाळ्याच्या कड्या, खुर्च्या भंगारवाल्यांमार्फत बाहेर पडल्या. त्याआधी १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतलं किती तरी सामान एका दिवसात वाहून नेलं होतं. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारापासून अडकित्ते, दिवे, कोरीव दारं गोळा करायला सुरुवात केली, मस्तानीचा महाल कोथरूडहून काढून आपल्या संग्रहालयात उभा केला, म्हणून आज बाजीराव रस्त्यावर ते पाहायला मिळतं. पण केळकर संग्रहालयात वस्तूंना हात लावायचा नसतो आणि घरात लावायचा असतो, हा फरक विसरून चालत नाही. ज्या खुर्चीवर मुलांना बसू देत नाहीत, पाहुण्यांना ‘जरा जपून’ म्हणतात, ती खुर्ची लहान घरात ठेवू नये. १६० फुटांच्या खोलीत संग्रहालयाला जागा नाही.

किमतीच्या मोहाचंही तेच. चंडीगड उभं राहत असताना, १९५० च्या दशकात, ल कोर्ब्युझिएचा चुलतभाऊ पिएर झानरे याने तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी आणि विद्यापीठासाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या करवून घेतल्या. पुढे त्या मोडक्या ठरल्या, गच्च्यांवर ढीग लागले आणि भंगाराच्या भावाने लिलाव झाले. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत त्यांना लाखोंचे भाव आले. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंदी घातली, तोवर बऱ्याच निघून गेल्या होत्या. ही कथा ऐकून जुन्या बाजारात प्रत्येक वेताच्या खुर्चीत घबाड पाहणारे भेटतात. त्यांनी दुसरा कायदाही वाचावा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा कलात्मक मोलाची, शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. विक्रेता छातीठोकपणे ‘दीडशे वर्षं जुनी’ म्हणत असेल, तर न्यू जर्सीतल्या मुलाच्या घरी ती कंटेनरमधून पाठवण्याचा बेत तिथेच संपवावा.

त्यापेक्षा खुर्ची उलटी करून पाहावी. सगळं खरं तिच्या पोटाखाली लिहिलेलं असतं. वेत हाताने विणलेला असेल तर चौकटीत ओळीने बारीक भोकं असतात आणि प्रत्येक पट्टी भोकातून ओवून घेतलेली दिसते. यंत्रावर विणलेली तयार जाळी असेल तर भोकांऐवजी सलग खाच असते आणि तिच्यात जाळी दाबून वरून पट्टी ठोकलेली असते. सांधे लाकडाचं कुसू खाचेत बसवून केलेले आहेत की स्क्रूवर तगलेत, ते पाहावं. टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं असतील तर खुर्चीखाली काळा कागद अंथरून रात्रभर ठेवावी. सकाळी कागदावर पिठासारखा भुसा पडला तर कीड अजून जिवंत आहे आणि ती नव्या घरातल्या दारांच्या चौकटींकडेही जाऊ शकते. शिसवी किंवा सागाच्या गाभ्याला कीड सहसा शिवत नाही, कडेच्या फिकट लाकडाला लागते. जुना ऑइलपेंट असेल तर घरात, विशेषतः लहान मूल असताना, तो घासू नये. घरगुती रंगांतलं शिसं दहा लाख भागांत नव्वद भागांपर्यंत मर्यादित ठेवण्याचा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची धूळ कशाची असेल, सांगता येत नाही. आणि मिस्त्री कितीही आग्रह करो, काचेसारखं चकाकणारं पीयू पॉलिश मारू देऊ नये. ज्या खुर्चीला पन्नास वर्षं लाखेचं स्पिरिट पॉलिश पुरलं, तिला पुढेही तेच पुरतं, आणि ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा हात मारता येतो.

जुनं लाकूड घ्यावं की नाही, यात भावनेपेक्षा हिशेबाचा भाग मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशाने देशभरातल्या जंगलतोडीला लगाम घातला. त्यानंतर जुन्या जंगलातला दाट वलयांचा साग दुर्मीळ झाला. शिसवी लाकूड ज्या वंशातलं त्या सगळ्या डालबर्जिया वंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जानेवारी २०१७ पासून निर्बंध आले. नव्या ‘सॉलिड वूड’ फर्निचरमध्ये तसं लाकूड त्या भावात मिळणं अवघड. उलट भुशाच्या दाबीव फळीचं टीव्ही युनिट दुसऱ्या शिफ्टिंगनंतर बिजागऱ्या धरत नाही, आणि बाथरूमच्या भिंतीची ओल लागली की फुगतं. खराडीत हा मुद्दा जास्त टोचतो, कारण इथली किती तरी कुटुंबं अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. सामान तीन-चार वेळा टेम्पोत चढणार हे ठरलेलं असताना, जे उचललं तरी मोडत नाही तेच परवडतं.

या बाबतीत खुर्चीच्या इतिहासातला सर्वांत हुशार माणूस मिखाएल थोनेट. वाफेवर लाकूड वाकवून त्याने १८५९ मध्ये व्हिएन्नात चौदा नंबरची खुर्ची काढली: सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत आणि जगभर जात. तिचीच भावंडं मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलांभोवती अजून दिसतात. हॉटेलं बंद पडली की त्या खुर्च्या बाजारात येतात. खराडीच्या हॉलसाठी पहिली जुनी वस्तू घ्यायची असेल तर आरामखुर्चीच्या आधी या वाकवलेल्या लाकडाच्या दोन खुर्च्या पाहाव्यात. जेवणाच्या टेबलापाशी चालतात, पाहुणा आला की पुढे ओढता येतात, आणि त्यांच्या बारीक पायांमधून फरशी दिसत राहते. डोळ्याला जितकी फरशी दिसते तितकी खोली मोठी वाटते. इंटिरियरवाले याचे पैसे घेतात.

पाहुण्यांचा प्रश्न उरतोच. सोफे काढले तर गणपतीला, बारशाला येणारी वीस माणसं बसणार कुठे? पण वीस माणसं तीन-अधिक-दोनच्या सोफासेटवरही बसत नाहीत. पाच बसतात, बाकीची डायनिंगच्या खुर्च्यांवर, दिवाणावर आणि खाली सतरंजीवर. वर्षातल्या चार दिवसांसाठी उरलेले ३६१ दिवस फरशी अडवून ठेवायची की सतरंजी माळ्यावर ठेवायची, यात अवघड काही नाही. त्याहून गंभीर आक्षेप गुडघ्यांचा आहे. आरामखुर्ची खोल आणि कललेली असते. सत्तरीच्या सासूबाईंना तिच्यातून उठताना हात द्यावा लागतो. घरात वृद्ध माणूस असेल तर ताठ पाठीची, हातांची, उंच बैठकीची एक खुर्ची हॉलमध्ये हवीच. तिच्यासाठी आरामखुर्चीवर पाणी सोडावं लागलं तरी बेलाशक सोडावं.

इमारतींच्या राष्ट्रीय संहितेप्रमाणे राहत्या मुख्य खोलीचं किमान क्षेत्रफळ साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट, आणि रुंदी किमान २.४ मीटर असावी लागते. खराडीतले बहुतेक हॉल याच्या बरेच पुढे आहेत. चाळीतल्या एका खोलीत पिढ्या वाढवलेल्या समाजाला ते लहान वाटतात, ते सँपल फ्लॅटमध्ये पाहिलेल्या सजावटीमुळे. ती सजावट फ्लॅट विकण्यासाठी केलेली असते. तिथे शाळेचं दप्तर नसतं, डब्यांची पिशवी नसते, दारापाशी चपलांचा ढीग नसतो. घर घेतल्यावर तीच सजावट हप्त्यांवर घरी आणायची सक्ती कुणी केलेली नाही.

तेव्हा जुन्या बाजारात जाण्याआधी मेजरिंग टेप घेऊन आपल्याच हॉलमध्ये अर्धा तास घालवावा. लिफ्टचं दार, फ्लॅटचं दार आणि बाल्कनीपर्यंतची वाट मोजावी. घरात येणाऱ्या वस्तूच्या मापाचं वर्तमानपत्र जमिनीवर चिकटवून आठवडाभर त्याला वळसा घालून चालून पाहावं. आणि जी वस्तू येणार तिच्यासाठी कोणत्या दोन वस्तू जाणार, त्यांची नावं आधी लिहून ठेवावीत. ती दोन नावं सुचत नसतील तर खुर्ची कितीही सुंदर असो, कितीही स्वस्त असो, ती दुसऱ्या कुणासाठी बाजारातच राहू द्यावी.